कुकरभोवती वळलेली नळी

“पाणी आत कुणी ठेवलं?”

निहारनं हे आधी मोठ्या भावाला विचारलं, फोनवर. मग वहिनीला विचारलं, शेजारच्या टूनला विचारलं, आठ वर्षांच्या पुतणीलाही विचारून पाहिलं. शेवटी मला दोन्ही हातांत धरून मलाच विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही. मला ते ठाऊक आहे, पण मला तोंडं दोन असली तरी त्यांतून फक्त पाणी बाहेर येतं. म्हणून त्याला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगते.

मी तांब्याची नळी. पंधरा मीटर लांब, करंगळीएवढी जाड, अठरा वेढ्यांची. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात एका घरामागे लाकडी शेड आहे, तिथं खिळ्याला टांगलेली असते. घरी बिअर करताना जवाचा काढा तासभर उकळतात आणि मग तो झटपट गार करावा लागतो, नाहीतर नासतो. ते काम माझं. मी त्या उकळत्या पातेल्यात बुडते आणि माझ्या पोटातून नळाचं गार पाणी धावतं. बाहेरून चटका, आतून गारवा, असा माझा संसार.

माझी सुरुवात अगदी साधी. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात, बाउमार्क्टमध्ये, तळाच्या फळीवर मी चपटी गुंडाळून पडले होते. कुणाच्या तरी बाथरूमच्या भिंतीत जन्म काढायचा, एवढीच माझी अपेक्षा. पुष्करनं मला उचललं तेव्हा त्याच्या खिशात आलेखाच्या कागदावर काढलेलं चित्र होतं, आणि त्या चित्रात मी आधीच गोल होते.

पुष्कर मूळचा मिरजेचा. पुण्यात शिकला, आणि गेली नऊ वर्षं इथं चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करत होता. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक झाली तर त्याच्या ऑफिसात बैठक बसायची. त्याला पिण्याची फारशी हौस नव्हती, करण्याची होती. बायको विचारायची, “हे नवीन काय काढलंस?” तर म्हणायचा, “हिमानी, दिवसभर मी जे करतो ते मला डोळ्यांनी दिसत नाही. एखादी गोष्ट तरी हातात धरता येईल अशी करू दे.”

त्या उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ निहार तीन महिन्यांच्या व्हिसावर राहायला आला होता. दोघांत अकरा वर्षांचं अंतर. निहार नववीला नापास झाला आणि मिरजेत फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात लागला तो तिथंच होता. वाचायला दिलं की त्याला झोप यायची, पण तांब्याच्या पाइपावर नुसता अंगठा फिरवून तो कुठं दबलाय ते सांगायचा.

मला वाकवायला पहिल्यांदा पुष्करनंच घेतलं. व्हिडिओ समोर ठेवून, चित्र शेजारी पसरून. पहिल्याच वळणाला माझं टोक चिमटलं.

“दादा, सोड तिला,” निहार पायरीवर बसून बघत होता. “दोरी समजतोयस का?”

“व्हिडिओत असंच करतात.”

“व्हिडिओत चिमटलेला पाइप दाखवत नाहीत. काहीतरी गोल आण. दाबलं तरी दबणार नाही असं.”

बादली आणली, ती दबली. कुंडी आणली, तिला तडा गेला. मग निहार तडक स्वयंपाकघरात गेला आणि दहा लिटरचा कुकर घेऊन आला. हिमानीनं तो लग्नानंतर सामानात घालून मिरजेहून आणला होता. ती हूफडॉर्पला ऑफिसात गेली होती. आठवड्यातून दोन दिवस तिला ट्रेननं जावं लागायचं आणि तो त्यातला एक दिवस होता.

निहारनं कुकर गुडघ्यांत धरला आणि मला त्याच्याभोवती सावकाश फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला टेकवायचा, पुन्हा बोटभर सोडायचा. पुष्कर मोजत होता. अठरा झाले. माझी दोन्ही टोकं वर घ्यायची होती आणि ती वळणं अरुंद होती, तिथं निहारनं माझ्यात बारीक मीठ ठासून भरलं, तोंडाला बूच मारलं, मग वाकवलं. मीठ भरलेलं असलं की नळी चिमटत नाही. नंतर पाणी सोडलं की मीठ विरघळून निघून जातं.

“हे तुला कुणी शिकवलं?” पुष्करनं विचारलं.

“उस्तादनं. वाळू भरली तर काढताना जीव जातो म्हणायचा.”

पुष्कर त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटतं, धाकट्या भावाला काहीतरी येतं हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

संध्याकाळी हिमानी आली. कुकर अजून गवतावर होता.

“हा माझा कुकर आहे का?”

“वहिनी, काही झालेलं नाही त्याला.”

“मग या रेघा कसल्या?”

“डिझाइन.”

“उद्यापासून वरण त्या नळीतच शिजवा दोघं,” ती म्हणाली आणि कुकर उचलून आत गेली. माझा घेर आजही त्या कुकरचाच आहे.

माझ्यासोबत आणखी मंडळी तयार झाली. सहलीला न्यायच्या आइस बॉक्सला खाली भोक पाडून तोटी बसवली आणि आत जाळी. त्यात मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव गरम पाण्यात तासभर झाकून ठेवायचे, की त्यांतली गोडी पाण्यात उतरते. झाकणाच्या बादलीला एक बारीक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक जॅमच्या बाटलीतल्या पाण्यात सोडलं. काढा आंबायला लागला की त्या बाटलीत बुडबुडे यायचे. पुष्करची मुलगी ईशानी त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि डचमध्ये मोजायची. काका मराठीत विचारायचा, ती डचमध्ये उत्तर द्यायची, दोघांचं छान चालायचं.

गॅसची शेगडी टूननं दिली. टून शेजारचा, निवृत्त, उंच, कायम लाकडी तळव्याच्या चपलांत. कुंपणावरून वाकून तो सगळं बघायचा.

पहिल्यांदा मी उकळत्या काढ्यात बुडाले तेव्हा पातेल्यावर हॉप्सची कडू फुलं तरंगत होती. एका टोकाला बागेचा पाइप जोडला, नळ सोडला आणि माझ्या दुसऱ्या टोकातून वाफाळतं पाणी बाहेर आलं. पुष्कर थर्मामीटर घेऊन आकडे वाचत होता. वीस मिनिटांत काढा अंघोळीच्या पाण्याहून गार झाला. दोघा भावांनी एकमेकांना टाळी दिली. लहानपणीची असावी, कारण दोघांना ती न ठरवता आली.

मग निहारनं मला बाहेर काढलं, धुतलं, एक टोक तोंडाला लावलं आणि फुंकलं. माझ्या अठरा वेढ्यांतलं पाणी घुरघुरत निघालं. तो थांबला, कान लावला, पुन्हा फुंकलं.

“अरे, सायकलचा पंप आहे घरात,” पुष्कर म्हणाला.

“पंपाला कळत नाही शेवटचा थेंब गेला का ते. तोंडाला कळतं.” एसीच्या नळीत थेंबभर पाणी राहिलं तरी मशीन मरतं, हे त्याच्या उस्तादनं त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. “दादा, काहीही विसर, हे विसरू नकोस.”

पुष्करनंही मग फुंकून पाहिलं. त्याचं थोडं राहिलं, निहारनं काढलं. पुढं तो नियमच झाला. आधी मोठा फुंकायचा, मग धाकटा.

पहिली बिअर ताकासारखी लागली. टूननं एक घोट घेतला आणि बराच वेळ फुलांच्या वाफ्याकडे बघत राहिला. दुसरी बरी झाली. तिसरीला तो “लेकर” म्हणाला. लेकर म्हणजे चविष्ट, आणि तो शब्द टून उगाच वापरत नाही. मिरजेहून आई व्हिडिओवर विचारायची, “एवढ्या बाटल्यांत काय भरताय रे?” पुष्कर म्हणायचा, “जवाचं पाणी, आई. पित्तावर चांगलं.” निहार कॅमेऱ्याबाहेर तोंड दाबून हसायचा.

ऑगस्टमध्ये त्याचा व्हिसा संपत आला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सकाळी शेवटचा काढा उकळला. मी पातेल्यात होते, त्यामुळं सगळं ऐकलं. निहारला एका हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं, थांब, एसीची कामं देतो, कागद नंतर बघू.

“व्हिजिट व्हिसावर काम करता येत नाही,” पुष्कर म्हणाला. “पकडला गेलास तर पुन्हा कधी येता येणार नाही.”

“तुला बरं केव्हाही येता येतं.”

“तसं नाही रे. आधी डिप्लोमा कर, मी इथून—”

“तुझा डिप्लोमा तुझ्याजवळ ठेव. तू इंजिनियर, म्हणून तुझं हे घर. मी नववी नापास, म्हणून मी पाहुणा. तीन महिने झाले की उठायचं.”

पुष्कर थर्मामीटर बघत राहिला. काढा गार झाला, बादलीत गेला. निहारनं मला धुतलं आणि रागानं खिळ्याला अडकवलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. विमानतळावर दोघं एकमेकांना नीट भेटले नाहीत असं मी नंतर ऐकलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढं निहारला ती कितीही आठवून आठवली नाही. खिळ्याला अडकवण्यापूर्वी त्यानं मला फुंकलं होतं. रागात होता, डोळे भरले होते, तरी त्याच्या हातांनी आणि तोंडानं आपलं काम केलं होतं. मी कोरडी ठणठणीत टांगली गेले.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दोघा भावांत फोनवर कामापुरतं बोलणं होतं. ‘पोचले का पैसे’, ‘आईचं बीपी बघ’, एवढंच.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पुष्कर एकटाच शेडमध्ये आला. हिमानी ईशानीला पोहण्याच्या वर्गाला घेऊन गेली होती. त्यानं आइस बॉक्स काढला, जव भिजवले, पातेलं चढवलं, मला उतरवलं. सगळं सावकाश केलं. मधेमधे तो थांबत होता. हिमानी त्याला दोनदा म्हणाली होती, किती दमतोस आजकाल, डॉक्टरकडे जाऊन ये. तो म्हणाला होता, हा प्रोजेक्ट संपला की जातो.

काढा गार झाला. बादली झाकली. मग त्यानं मला धुतलं आणि टोक तोंडाला लावलं.

पहिल्या फुंकेला थोडं पाणी हललं. दुसऱ्या फुंकेला त्याहून थोडं. तिसरी फुंक आलीच नाही. तो बाटल्यांच्या क्रेटवर खाली बसला. मी त्याच्या मांडीवर होते. बाहेर थंडी होती आणि त्याच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडत होता. त्याचा एक हात छातीवर होता आणि दुसऱ्यानं त्यानं मला धरून ठेवलं होतं, पडणाऱ्या माणसानं कठडा धरावा तसं.

बऱ्याच वेळानं तो उठला. “उद्या काढू,” असं मला म्हणाला आणि खिळ्याला अडकवलं. बाहेर गाडीचं दार वाजलं, ईशानीचा आवाज आला. तो तोंड पुसून हसत बाहेर गेला.

त्या उद्याला कधी सवड झाली नाही. नंतर बाटल्या भरायला तो एकदा आला, घाईत, आणि माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. अठरा वेढ्यांत पाणी घेऊन मी टांगलेलीच राहिले.

इथल्या थंडीचं मिरजेच्या माणसाला एक कळत नाही. पाणी गोठताना फुगतं. जानेवारीत सलग चार दिवस कालव्यावर पोरं स्केटिंग करत होती, आणि तिसऱ्या दिवशी माझा सगळ्यात खालचा वेढा फाटला. मोठा आवाज झाला नाही. बोटाच्या पेराएवढी एक चीर पडली, बस.

महिन्याच्या शेवटी एका शनिवारी पुष्कर आला, मला काढून बघितलं आणि चिरेवर बोट ठेवलं. मग त्यानं माझा फोटो काढला. टाइप करता करता तो ते मोठ्यानं म्हणत होता, “बघ, फाटली. तू ये, जोड.” ऑगस्टनंतर पैसे आणि बीपी सोडून त्यानं भावाला लिहिलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

उत्तर लगेच आलं. फोन वाजला, त्यानं वाचलं, “पाणी आत कुणी ठेवलं?”

पुष्कर पुन्हा त्याच क्रेटवर बसला. काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि तेही पुसलं. फोन खिशात घातला, मला जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलं आणि दार लावून गेला.

त्यानंतर तीन दिवसांनी तो स्टेशनच्या सायकल स्टँडपाशी कोसळला. हृदय. पस्तीस वर्षांचा होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, शेडच्या फळ्यांमधून ऐकलेलं आहे. निहारला व्हिसा वेळेत मिळाला नाही. भावाचे अंत्यसंस्कार त्यानं मिरजेत बसून फोनवर पाहिले. चित्र मधेच अडकत होतं. आई शेजारी होती. चित्र अडकलं की ती विचारायची, “झालं का?” आणि तो म्हणायचा, “नाही, अजून आहे.”

निहार आला तो एप्रिलमध्ये. हिमानीला हात द्यायला म्हणून आला होता, पण पहिले दोन दिवस तो पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेवर बसून होता. हिमानीनं शेड रिकामी करायला घेतली होती. तिला ते दार नजरेसमोर नको होतं. लोखंड, तांबं, तारा, सगळं तिनं भंगारवाल्यासाठी फाटकाबाहेर काढून ठेवलं. त्यात मी होते.

शनिवारी सकाळी भंगाराची गाडी आली. माणसानं पहिल्यांदा मलाच उचललं, तांबं कुणाला आवडत नाही? तेवढ्यात वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं आणि निहार अनवाणी धावत बाहेर आला. त्यानं माझं एक टोक धरलं. भंगारवाल्यानं दुसरं सोडलं नाही.

“धिस माय ब्रदर,” निहार म्हणाला. त्याला ‘माय ब्रदर्स’, म्हणजे भावाची, म्हणायचं होतं, की तो बरोबरच बोलत होता, मला माहीत नाही.

टून चपला खटखटवत आला आणि डचमध्ये काहीतरी समजावू लागला. भंगारवाला म्हणाला, ढिगातली चांगली वस्तू ही एकच आहे. निहारनं इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली बार्बेक्यूची लोखंडी शेगडी उचलली आणि गाडीत टाकली. माणसानं खांदे उडवले, मला सोडलं आणि गाडी निघून गेली.

हिमानी दारात उभी होती. “निहार, ती शेगडी पुष्करची सगळ्यात आवडती होती.”

“मला काय माहीत, वहिनी. हाताला तीच लागली.”

हिमानी हसायला लागली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच, असं टून नंतर म्हणाला. हसता हसता तिनं तोंडावर ओढणी धरली आणि ती आत निघून गेली.

निहार मला घेऊन पायरीवर बसला. अंगठा फिरवत फिरवत चिरेपाशी आला आणि थांबला. ईशानी शेजारी येऊन बसली.

“काका, स्टुक?” म्हणजे मोडली का.

“हो. काकानंच मोडली बहुतेक.” मग त्यानं तिला विचारलं, “तुला माहीत आहे का गं, पाणी आत कुणी ठेवलं?” तिनं नाही अशी मान हलवली. टूनला विचारलं, त्यानं हात पसरले. दुपारी हिमानी बाहेर आली तेव्हा तो अजून तिथंच होता.

“वहिनी, मी रागात होतो. तशीच टांगून गेलो असणार. दादानं फोटो पाठवला तर मी उलट त्यालाच विचारलं, पाणी कुणी ठेवलं म्हणून. जसं काही त्याचीच चूक. मेसेजवर निळ्या टिक आल्या होत्या, वहिनी. त्यानं वाचलं. आणि काही बोलला नाही. शेवटचं मी त्याला हे विचारलं.”

“मला नळीतलं काही कळत नाही, निहार,” हिमानी म्हणाली. “माणसातलंच कळलं नाही.”

 मग ती शेडमध्ये जाऊन एक क्रेट घेऊन आली. “याचं काय करायचं ते सांग. वीस बाटल्या आहेत. तुला प्यायच्या तर पी, नाहीतर ओतून टाक.”

बाटल्यांवर कागदी टेप होती आणि तिच्यावर पुष्करच्या अक्षरात तारीख. निहारनं एक उचलली, मग दुसरी.

“ह्या नोव्हेंबरच्या आहेत.”

“असतील.”

“वहिनी, मी ऑगस्टमध्ये गेलो.”

तो उठून उभा राहिला. दादानं त्याच्यामागं एकट्यानं बिअर केली होती. म्हणजे मी त्यानंतरही पातेल्यात बुडाले होते, आणि त्यानंतरही कुणीतरी मला फुंकायला हवं होतं. निहारच्या चेहऱ्यावरचं ओझं थोडं उतरलेलं मी पाहिलं. पण लगेच तिथं दुसरं येऊन बसलं.

“मग दादानं का नाही काढलं पाणी? तो तर डबासुद्धा दोनदा पुसायचा.” त्यानं मला समोर धरलं. “सांग ना. पाणी आत कुणी ठेवलं?”

मी नळी आहे. मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यानं टूनकडून गॅसचा टॉर्च मागून आणला. चिरेच्या आजूबाजूला मला घासून लखलखीत केलं, ज्योत लावली, मी लाल होईपर्यंत धरली आणि शिसं नसलेली रॉड टेकवली. वितळलेला धातू चिरेत आपोआप ओढला गेला. तिथं आता एक पिवळसर फुगवटा आहे, व्रणासारखा. मग एक तोंड बुचानं बंद करून त्यानं मला पाण्याच्या टबात बुडवलं आणि दुसऱ्यातून हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही.

“जोडली,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाच माहीत.

जूनमध्ये एका रविवारी सगळी शेडसमोर जमली. हिमानीनं शेड रिकामी करायचं सोडून दिलं होतं. आइस बॉक्स पुन्हा आत आला होता. पुष्करचा आलेखाचा कागद निहारनं दाराला चिकटवला होता. त्यावरचे आकडे त्याला वाचायला जड जात, म्हणून हिमानी वाचून दाखवायची आणि तो करायचा. काढा उकळत असताना त्यांनी नोव्हेंबरची एक बाटली उघडली. टूननं घोट घेतला, डोळे मिटले आणि फक्त मान हलवली. हिमानी कधी पीत नसे, तिनं निहारच्या ग्लासातून जिभेला लावलं.

“कडू आहे.”

“दादानं हॉप्स जास्त घातलेत.”

“त्याला कुठं प्रमाण माहीत होतं?” ती म्हणाली आणि आणखी एक घोट घेतला.

मला पातेल्यात सोडलं तेव्हा बागेचा पाइप हिमानीनं धरला होता. पाणी माझ्या व्रणावरून गेलं, व्रण टिकला. तिचं लक्ष दुसऱ्या टोकातून येणाऱ्या वाफेकडे होतं.

“वहिनी,” निहार म्हणाला, “तो विसरणारा माणूस नव्हता.”

“विसरला असेल. माणूस विसरतो.” तिनं नळ थोडा मोठा केला. “आता तू आहेस ना इथं? मग तू नीट काढून ठेव.”

जुलैत निहारचे नव्वद दिवस संपले. यंदा त्यानं थांबायचं नाव काढलं नाही. मिरजेच्या आयटीआयचा फॉर्म हिमानीनं त्याला भरून दिला होता, तो त्याच्या बॅगेत होता. जमा करणार की फाडणार, मी सांगू शकत नाही, त्याचा स्वभाव मी पाहिला आहे.

मी सध्या माझ्या खिळ्यावर आहे. खाली ईशानीची सायकल उभी असते, शेजारी टूनची शेगडी. थोडी काळवंडले आहे, त्याला इलाज नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर काम झाल्यावर तिचं पाणी काढून ठेवा. आणि घरातल्या कुणाला ते काढताना दम लागला, तर त्याला तेव्हाच विचारा, काय होतंय. नंतर विचारून उपयोग नसतो.

निघायच्या सकाळी गाडी फाटकाशी उभी होती. हिमानी हाक मारत होती, “निहार, उशीर होतोय रे.” तो शेडमध्ये आला. जूनमध्येच त्यानं मला फुंकून कोरडं केलं होतं. पण आदल्या दिवशी ईशानीनं खेळताना माझ्यात बागेचा पाइप लावला होता, आणि ते त्यानं पाहिलं होतं.

त्यानं मला उतरवलं, क्रेटवर बसला आणि टोक तोंडाला लावलं. पहिली फुंक. पाणी घुरघुरलं. दुसरी. मधेच त्याचा श्वास पुरला नाही, घाईत होता, आणि तो थांबला. छातीवर हात ठेवून दम खाऊ लागला.

आणि तसाच राहिला. हात छातीवर, नजर माझ्या तोंडाकडे. बाहेरून हिमानीनं पुन्हा हाक मारली, त्याला ती ऐकू आली नाही. त्यानं क्रेटकडे बघितलं, ज्यावर तो बसला होता. मग माझ्याकडे. त्याला काय कळलं, की काहीच कळलं नाही, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि विचारलंही नाही.

त्यानं खोल श्वास घेतला आणि पुन्हा टोक तोंडाला लावलं. अठराच्या अठरा वेढ्यांतून पाणी निघालं, त्याच्या चपलेवर पडलं. त्यानं कान लावला. आणखी एकदा फुंकलं, सावकाश, संपेपर्यंत. या वेळी पाणी आलं नाही. दुसऱ्या टोकातून नुसता त्याचा श्वास बाहेर आला.